बरी झाल्याची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी माणसाला भेटायला जाताना फळं नेत नाहीत, पुस्तक नेतात. पातळसं, गुळगुळीत कव्हराचं, कव्हरवर उगवता सूर्य नाहीतर उघडे तळहात. आत कुणाची तरी साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं याची स्वतः सांगितलेली हकीकत. डॉक्टरांनी हात टेकले, घरचे रडू लागले, मग बाईने विश्वास धरला आणि खडखडीत बरी झाली. धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत अशा पुस्तकांनी एक अख्खं फडताळ भरलं होतं, कारण आजाऱ्याकडे जाणाऱ्यांत माझी आई कायम पुढे.

पुस्तकांनी तिला उभं केलं, हे मी नाकारत नाही. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होते आणि आई अक्षराला अक्षर जोडून कसंबसं वाचायची. चर्चमधल्या एका म्हातारीने तिला कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक दिलं. त्यातल्या विधवेचं काहीसुद्धा चांगलं होत नाही. मुलगा जातो, घर जातं, आणि ती रोज सकाळी उठून आधी देवाशी भांडते, मग चूल पेटवते. आई ओळीखाली बोट धरून ते वाचायची. "मन्हासारखीच शे ही," म्हणायची. मग तीही सकाळी देवाशी भांडायची आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायची. तेवढं एक पुस्तक मला कधी खोटं वाटलं नाही.

पुढे नवी पुस्तकं आली आणि त्यांच्याबरोबर नवी रीत आली. या पुस्तकांत माणसं बरी व्हायच्या आधीच बरं झाल्याची साक्ष देतात. आधी तोंडाने कबूल करा, मग ते अंगात उतरेल, असं त्यांचं म्हणणं. रविवारी उपासनेत कुणी ना कुणी उभं राहायचं. एक गृहस्थ "प्रभूने माझा मधुमेह काढून घेतला" असं खणखणीत आवाजात सांगायचे आणि बाहेर आल्यावर हळूच बिनसाखरेचा चहा मागायचे. मला हसू फुटायचं. आई चिमटा काढून मला गप्प करायची.

मग जळगावच्या दवाखान्यात आईच्या पोटात गाठ निघाली. गाठ बरी होण्यातली नव्हती. डॉक्टरांनी एवढंच बजावलं की दुखायची वाट बघू नका, गोळी वेळेवर घ्या. मी अमळनेरला शाळेत शिकवते. दर शनिवारी बसने धुळ्याला यायचे, तर आईच्या उशाशी नवं पुस्तक आलेलं असायचं. मंडळीतल्या बायका आळीपाळीने तिला वाचून दाखवायच्या आणि वाचून झालं की विचारायच्या, "अक्का, मनात कुणाबद्दल अढी तर नाही ना?" पुस्तकातल्या बाईने सासूला क्षमा केल्यावर तिची गाठ विरघळली होती. आईने आठवून आठवून सगळ्यांना क्षमा केली, मेलेल्या जावेलासुद्धा. गाठ होती तिथेच राहिली.

एका रविवारी बायकांनी तिला रिक्षात घालून चर्चला नेलं. बाकाला धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं आहे." टाळ्या पडल्या, कुणी मोबाइलवर उतरवून घेतलं. मी शेजारीच होते. तिचा हात थंडगार पडला होता.

त्या दिवसापासून आईला आजारी राहायची सोय उरली नाही. बरी झाल्याची साक्ष दिलेली बाई गोळी कशी घेणार? गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. डबी तशीच पडून राहिली. कुणी भेटायला आलं की ती उठून बसायची, हसायची, चहा टाकायची. ते गेले की पदराचा बोळा तोंडात धरून कळा सोसायची. मी आईशी भांडले, बायकांशी भांडले, शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलावून घेतलं. ते सौम्यपणे म्हणाले, "ताई, तुमच्या शंकेमुळेच त्यांचं बरं होणं अडलं आहे." माझी आई तडफडत होती आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी शेवटी आई एकच प्रश्न विचारायची. "मन्हा इस्वास कमी पडना का वं?" मी नाही म्हणायचे. तिला पटायचं नाही. मला वाटलं, तिचं ते जुनं पुस्तक वाचून दाखवावं. फडताळ सगळं उपसलं. नंतर कळलं, मन खचवणारं आहे म्हणून एक बाई ते उचलून घेऊन गेली होती. आई तो प्रश्न सोबत घेऊनच गेली. तो राग माझ्यात अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, आपली भगिनी आता पूर्ण बरी झाली आहे.

मागच्या हिवाळ्यात शाळेतल्या मैत्रिणीबरोबर शिंदखेड्याला गेले. तिची थोरली बहीण आजारी होती, तिलाही पोटाचंच दुखणं. मी केळी घेऊन गेले. बाईने उशीखालून एक पातळ पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "वाच ना बाई. माले दिसत नही." मी तिने दुमडलेलं पान उघडलं. धुळ्याची एक भगिनी, पोटात गाठ, बाकाला धरून दिलेली साक्ष. मंडळीने आईची ती साक्ष छापली होती. टाळ्या पडल्या तिथे मजकूर संपत होता. पुढचं कुणी लिहिलं नव्हतं.

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कसं वाचलं मलाच माहीत.

"बठ्ठं देववर सोडीसन बरी व्हयनी ती," बाई म्हणाली. "मी बी गोया-औषध सोडी दिन्हं." बोलताना ती दात आवळत होती. ते आवळलेले दात मी ओळखत होते.

"ही माझी आई," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. "तुनी माय? कशी शे आते?"

"गेली. त्याच गाठीने गेली." मैत्रिणीने माझ्या दंडाला धरलं, पण मी थांबले नाही. "बरी झालीच नव्हती. साक्ष दिली म्हणून गोळी घेत नव्हती. शेवटी मला विचारायची, माझा विश्वास कमी पडला का."

बाई कोपरावर रेलून उठली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार.

"आनि पडना व्हता का?"

"नाही," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत हे विचारणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

मग तिने मैत्रिणीकडे हात पुढे केला. "ती डबी दे. पानी बी दे."

तिने गोळी गिळली. मी ते पुस्तक फाडायला घेतलं होतं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत उशीखाली सारलं. "ऱ्हाऊ दे. तुनी माय शे त्यामा," ती म्हणाली. "आते पुढलं सांग."

मग पुस्तकात नसलेलं सगळं मी तिला सांगितलं, आणि गोळीचा गुण येईपर्यंत ती ऐकत राहिली.