मामाचं दुपंखी विमान

मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. "सई, तुझा मामा गेला गं... शेडवरच." विमान उडवताना नाही ना, असं ओठांवर आलं होतं. मग आठवलं, ते शक्यच नव्हतं. त्याचा बंदोबस्त मीच करून ठेवला होता.

मामा नाशिकजवळच्या एका विमान कारखान्यात फिटर होता. निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्याचा जीव रमेना. कुठूनतरी त्याच्या हाती शंभर वर्षांपूर्वीच्या एका लष्करी विमानाच्या नोंदींच्या झेरॉक्स आल्या. एकावर एक असे दोन पंख, लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड. नमुना एकच बांधला गेला आणि सैन्याने तो नाकारला. कागद इंग्रजीत, म्हणून वाचायला मी. "या, कॉन्व्हेंटच्या बाई," मामा म्हणायचा. मला स्वतःचं बोलायला जड जातं, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता येतं. 'शेपूट उशिरा ऐकते, नाक एकदा खाली गेलं की वर येत नाही,' असं मी त्याला मराठीत सांगितलं. पुढच्या पानावर दुसरं उड्डाण होतं. वैमानिक त्यातच गेला होता. तेही मी वाचून दाखवलं. मामा पेन्सिलीने आकडेमोड करत म्हणाला, "वरचा पंख चार बोटं पुढे हवा होता. एवढंच चुकलं त्यांचं."

वणी रोडला त्याचे मित्र संपततात्या यांची बेदाण्याची शेड रिकामी होती. तिथे दोन वर्षं ते विमान उभं राहत गेलं. मूळच्यापेक्षा लहान, पण एक माणूस बसेल एवढं. तात्या चहा घेऊन यायचे. "साहेब, हे काय उडायचं नाय. द्राक्षावरची पाखरं हाकलायला लय भारी हाय, पण!"

"पहिली चक्कर तुमच्याच बागेवरून मारतो, तात्या."

"मंग पाखरांसंगं आमची मंडळी बी पळंल!"

दोघं हसायचे. मी त्या बसायच्या जागेकडे बघत राहायचे.

कारखान्याची एक शिस्त मामाने शेडमध्येही पाळली होती. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली. फळीवर एकही जागा रिकामी असेल, तर विमान हलवायचं नाही. हरवलेलं हत्यार आतच कुठेतरी राहिलं असं धरायचं आणि सापडेपर्यंत विमान उघडायचं. त्या शिस्तीत नवं हत्यार आणून टांगणं बसत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

घोटीजवळ भात काढून झालेलं एक सपाट शेत पहिल्या उड्डाणासाठी ठरलं. मामा सदुसष्ट वर्षांचा होता. "यांना तू सांग. तुझं ऐकतील," मामी म्हणाली. मी शेडपर्यंत रस्ताभर वाक्य घोकत गेले... मामा, नको ना उडवूस.

"बोला, बाई," तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हणाले. आणि निघताना फळीवरची छोटी पक्कड पर्समध्ये टाकली.

घोटीचं रद्द झालं. मला वाटलं, चार दिवस वैतागेल, मग नाद सोडेल. त्याने इंजिन उतरवलं, बैठक काढली. मग स्वतः शिवून ताणलेलं पंखांचं कापड उसवायला घेतलं. वर पत्रा, मार्चचं ऊन. "तू नाही ना पाहिलीस कुठे?" त्याने फोनवर विचारलं. मी नाही म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे तो रोज शेडवर जात होता आणि मी रोज ठरवत होते, उद्या सांगू. एका दुपारी तात्या चहा घेऊन गेले, तेव्हा तो पंखाशेजारी पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मामीला मी अजून सांगितलेलं नाही. मी हे ज्या पुरवणीसाठी लिहितेय, ती मामी दर रविवारी वाचते.

परवा शेडवर जाऊन आले. खालचा पंख लाकडी घोड्यांवर आडवा आहे. कापड पंखातल्या एकेका लाकडी फासळीपुरतंच उसवलेलं, आणि उघड्या प्रत्येक फासळीवर बारीक अक्षरात 'पाहिली', खाली सही. अशा चौदा. पंधराव्यावर नुसता 'पा' आहे. त्यापुढच्या चार फासळ्यांवर कापड तसंच घट्ट ताणलेलं आहे. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते... आत काही नाही, हे मला माहीत आहे.