आतोबांचा पापड आणि सहावी काच

हवेतल्या ओलाव्याबद्दल आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, जाणकार माणूस सबंध घोडपदेवात झाला नाही, आणि अशा माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माझ्यासारखा भाचाही झाला नसेल. मिलमध्ये कापड विणतात तिथली हवा कोरडी पडली की सूत तुटतं. परळच्या मिलमध्ये ती दमट ठेवणं हे आतोबांचं काम. संपानंतर मिल सुटली, पण हवा सुटली नाही. रोज सकाळी खिडकीतून नाक बाहेर काढून ते "आज ऐंशी टक्के!" असं चाळीला जाहीर करत आणि मग सवयीने खोलीत पाणी शिंपडत. "तिथे सूत तुटायचं नाही, इथे माझा पापड तुटत नाही," असं आत्या म्हणायची. खरंच, त्या घरातला भाजलेला पापड घडी घालून खिशात ठेवता यायचा. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा हात हातात घेऊन आतोबांनी "तुम्ही जरा कोरडे आहात" असं सांगितलं, तेव्हा माझं लग्न सहा महिने पुढे गेलं.

बऱ्याच वर्षांनी मला घरगाड्या भाड्याने देणाऱ्या एका मालकाकडे नोकरी लागली. घरगाडी म्हणजे आत पलंग, शेगडी, मोरी असलेली बस; आमच्या खोलीहून ऐसपैस. गाड्या परळला एका बंद मिलच्या आवारात उभ्या असत. एका गाडीच्या सहाही खिडक्यांत, दुहेरी काचांच्या मधोमध वाफ धरली. बाहेरून पुसा, आतून पुसा, धुकं तसंच. मी आतोबांचं नाव सुचवलं. मालक म्हणाले, "या सहा साफ झाल्या तर बाकीच्या चार गाड्याही त्यांनाच." जन्मभर हवेत पाणी घालणारा माणूस आता ते काढायला निघाला. पुन्हा डबा घेऊन परळला कामावर जायचं म्हणून आतोबांनी त्या सकाळी दोनदा दाढी केली.

काचेच्या कडेला दोन बारीक भोकं होती, रबरी बुचांनी बंद केलेली. आतोबांनी बुचं काढली आणि माशांच्या टाकीचा पंप लावून एका भोकातून कोरडी हवा आत सोडली. ती कोरडी करणाऱ्या पुड्या त्यांनी चाळीतल्या तमाम औषधांच्या बाटल्यांतून जमवल्या होत्या. दुसऱ्या भोकातून निघालेली हवा नळीने बरणीत, आणि बरणीत आत्याचा भाजलेला पापड. तासाभराने तो मोडताना वाजला तरच बूच बसवायचं. नाहीतर नवा पापड, नवा तास. अशा पाच खिडक्या लख्ख झाल्या. सहावीचा पापड काही वाजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं आणि माझी नोकरी नवी होती. आतोबा पलीकडे डबा खात बसले होते. मी बरणी उघडली. पापड मोडायला गेलो तर वाकला. मी तो खाऊन टाकला आणि बूच बसवलं.

"वाजलो मां रे?" आतोबांनी त्यांच्या मालवणीत विचारलं.

"वाजला, आतोबा."

सकाळच्या गारव्यात सहावी काच पुन्हा पांढरी! मालक माझ्याकडे वळले, तोच आतोबा पुढे झाले. "त्याचं नाही साहेब, माझं चुकलं. अंदाज गेला माझा." चार गाड्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या. माझी नोकरी राहिली. त्या दिवसापासून चाळीला सकाळचा आकडाही ऐकू आला नाही.

तीन वर्षांनी मला राहवेना. जाऊन सगळं सांगितलं. आतोबा जेवता जेवता थांबले.

"मेल्या, तू खाल्लास तेव्हा मी चार हातांवर होतो. माणूस भाजलेला पापड खातो आणि आवाज नाय? तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू सांगशील. सकाळी मालकाचं तोंड बघितलं. एका घरात एकाची नोकरी गेली, तेवढं पुरे."

"आणि सकाळचा आकडा?"

"मालकासमोर अंदाज गेला म्हणालो ना? मग चाळीत तो कुठून येणार?"

दुसऱ्या दिवशी खिडकीतून नाक बाहेर आलं. "ब्याऐंशी!"

आता आतोबा नाहीत. घरात पापड सादळला की बायको तो टाकून द्यायला निघते. मी मागून घेतो आणि खातो. आवाज होत नाही. तरी चार हातांवर कुणीतरी जेवायचं थांबलंय, असं वाटत राहतं.