धाकटीचा खरा फोटो

फोटो स्टुडिओवाल्याची धाकटी रंगाने आईवर गेली होती, आणि हे गेली तेरा वर्षं तिला कुणी विसरू दिलं नव्हतं. बाप तसा वाईट नव्हता हो. पण फोटो कुणाचाही असो, छापण्याआधी तो चेहरा दोन छटा उजळ करायचाच; हाताला खोडच लागली होती. दुकानाच्या काचेतला बायकोचा फोटोसुद्धा त्याने असाच गोरा केलेला. त्यावरूनच ठिणगी पडली. त्या फोटोकडे बोट दाखवून, "हिच्याशीच संसार करा," म्हणत आई मावशीकडे निघून गेली, ती आठ दिवस झाले तरी परतली नव्हती.

पोहण्याच्या स्पर्धेच्या दिवशी त्या खोडीने कहर केला. फाटकावरच्या मास्तरांनी बापाने छापलेल्या फोटोचं ओळखपत्र पाहिलं, धाकटीला पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

"ही तू नाहीस. दुसरीच्या नावावर पोहायला आलीस होय?"

रांगेतल्या पोरी खुसुखुसु हसल्या. चारच्या आत खरा फोटो आण, नाहीतर नाव कापतो, असं मास्तरांनी बजावलं. वर्षभर पहाटे उठून गार पाण्यात हातपाय मारले, ते काय यासाठी? धाकटीला रडू कोसळणार होतं, पण रडत बसायला वेळ कुठे होता? ती तडक दुकानात गेली.

बापाने फोटो काढला, संगणकावर घेतला, आणि सवयीने हात रंगाकडे वळला. धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही, बाबा."

"अगं, थोडंसंच. चांगली दिसशील."

"चांगली दिसणं राहू दे. माझ्यासारखी दिसू दे. आईसुद्धा हेच सांगत होती, तुम्ही ऐकलंत कुठे?"

बाप ओशाळला. त्याने फोटो आहे तसा छापला. कागदावर एक काळीसावळी, रुंद कपाळाची, भयंकर चिडलेली मुलगी होती. एरवी आरशासमोर तोंड चुकवणाऱ्या धाकटीला ती चक्क आवडली.

पावणेचारला मास्तरांनी फोटो पाहिला, "हं, ही तू," म्हणाले आणि शिक्का मारला. शर्यतीत ती तिसरी आली.

ओल्या केसांनीच ती दुकानात परतली, तर काचेतली आईच्या फोटोची चौकट रिकामी, आणि बाप संगणकात डोकं घालून बसलेला.

"तिचा मूळ फोटो सापडत नाहीये," तो म्हणाला. "मी ठेवलाच नव्हता."

"मग नवा काढावा लागेल. त्यासाठी आधी तिला आणावं लागेल," म्हणत धाकटीने त्याच्या चपला पुढे सरकवल्या. "उठा. मी पण येते."