पुस्तकाच्या पाठीतलं नाव

वस्तीच्या वाचनालयातल्या दोन हजार पुस्तकांच्या पाठी बाइंडरनं सरळ केल्या होत्या. माणसांशी मात्र त्याचं कधी सरळ जमलं नाही. अध्यक्षांशी तर नाहीच.

वाचनालयाच्या पन्नास वर्षांची स्मरणिका निघायची होती. अध्यक्षांनी मजकुरात ठोकून दिलं, वाचनालय आमच्या वडिलांनी काढलं. बाइंडरच्या अंगाचा तिळपापड झाला. ते काढलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीनं, शिवणयंत्राशेजारच्या फळीवर, दारोदार मागून आणलेल्या एकोणीस पुस्तकांनी.

"पहिली नोंदवही दाखव, नाव घालतो," अध्यक्ष म्हणाले.

कुठून दाखवणार? वीस वर्षांपूर्वी रद्दी समजून त्यानंच तिची पानं फाडली आणि पुस्तकांच्या पाठींना आतून अस्तर म्हणून चिकटवली. कागद चिवट होता, एवढंच त्याला कळलं. ताईला कळलं, तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "माझं नाव तू खळीत बुडवलंस." त्यानंतर तिनं अबोला धरला.

पण पहिलं पान कुठल्या पुस्तकात गेलं, हे त्याचा हात विसरला नव्हता. भर सभेत त्यानं ते जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं आणि सुरी काढली.

"खबरदार, पुस्तकाला हात लावशील तर!" अध्यक्ष ओरडले.

"मीच बांधलंय. मीच सोडवणार."

पाठ चिरली. ओल्या फडक्यानं भिजवत, दुधावरची साय काढावी तसं त्यानं पान सोडवलं. ताईचं किरटं अक्षर: 'आजपासून वाचनालय सुरू केले.' खाली तिची सही. त्याखाली पहिले वाचक, अध्यक्षांचे वडील. पुढे शेरा, 'तीन पुस्तके परत नाहीत. पुन्हा देऊ नये.'

मागून कुणी खिदळलं, "वडिलांनी काढलं की! थोडं थोडं घरी नेऊन!"

"चालता हो! पुन्हा ही पायरी चढायची नाही!" अध्यक्ष गरजले.

"नाव लिहा, जातो. नाहीतर कपाटात अजून पुष्कळ पाठी आहेत."

दातओठ खात त्यांनी मजकुरात ताईचं नाव लिहिलं.

घरी ताईनं चष्मा लावून पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. "पुस्तक कुठंय?"

"तिथंच राहिलं."

"उघडं टाकून आलास?" तिनं पान त्याच्या हातात कोंबलं. "जा, आधी त्याची पाठ बांध."

"पायरी बंद झालीय, ताई."

"मग खिडकीतून माग. भांडायला तोंड आहे ना?"

वीस वर्षांत ती इतकं बोलली नव्हती. बाइंडरनं खळ शिजत ठेवली आणि तो पुन्हा भांडायला निघाला.