मावशीचं आणि माझं एकच

बारावी झाली तरी मला पाळी आली नव्हती. आमचं घर माळेगावजवळ. वडील वांगी-टोमॅटो लावायचे, आई ती बारामतीच्या मंडईत न्यायची. शेजारणी विचारायला लागल्या तशी ती मला बारामतीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सोनोग्राफीत गर्भाशयच दिसलं नाही. रक्त तपासायला पुण्याला पाठवलं.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी आम्हा दोघींना समजावलं. माझी गुणसूत्रं पुरुषांसारखी, एक्स-वाय होती. पोटात अंडाशयाच्या जागी वृषणग्रंथी होत्या. पण पुरुषी संप्रेरकाला माझं शरीर दादच देत नव्हतं, म्हणून ते आईच्या पोटात असल्यापासून मुलीसारखंच वाढलं.

"मग ही मुलगी न्हाय का?" आईनं विचारलं.

"तिलाच विचारा."

"मी मुलगीच हाय," मी म्हणाले. त्यात मला शंका नव्हती. आपल्याला मूल होणार नाही, हे पचायला मात्र बरेच महिने गेले.

"हे आईकडून येऊ शकतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या माहेरी कुणाला असं आहे?"

आई म्हणाली, "थोरली बहीण."

मावशी इंदापूरकडे मामाच्या डाळिंबाच्या बागेत राबायची. मूल होईना म्हणून सासरच्यांनी तिला उपास, अंगारे, नवस सगळं करायला लावलं होतं. शेवटी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि तिला माहेरी आणून सोडलं.

आम्ही एसटीनं इंदापूर गाठलं. मावशी डाळिंबं निवडत बसली होती. मीच तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे मला पिशवीच न्हाय?"

"तपासल्याशिवाय सांगता येत न्हाय. पण तसंच असावं."

"मग मी उपास कशाचं करत हुते?"

आई रडायला लागली. "तू का रडतीस?" मावशी म्हणाली. "तुला तरी कुठं ठावं हुतं?"

तपासणीत तिचंही तेच निघालं. तिच्या वयात त्या ग्रंथींत गाठ होण्याचा धोका जास्त, म्हणून ऑपरेशन करून त्या काढल्या. हाडांसाठी गोळ्या सुरू झाल्या. मी माझ्या ग्रंथी ठेवल्या. अधूनमधून तपासून घेते.

पुढं मामेभावाच्या लग्नात मावशीची जुनी जाऊ पंगतीत शेजारी आली. "पिशवी काढली म्हणं?"

"काढायला हुती कुठं? जल्मापासनंच न्हवती. घरी समद्यांना सांगा. ह्या माझ्या भाचीचंबी तसंच हाय."

जाऊ मान खाली घालून जेवायला लागली. मला मात्र मावशीचा राग आला. माझं सांगायला मी तिला कुठं परवानगी दिली होती? परतताना मी तसं बोलूनही दाखवलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पर लपवून मी काय मिळवलं, सांग."

माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मुलाला मी स्वतःच सांगितलं. त्यानं विचार करायला वेळ मागितला आणि नंतर नकार कळवला. दुसऱ्यानं होकार दिला. आम्ही आता बारामतीत राहतो.