रंग आपण देल्ला

बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांचे फोटो काढायचं काम आमच्या प्रयोगशाळेत ताईंकडे होतं. त्या कोराडीहून यायच्या आणि संध्याकाळच्या बससाठी वाक्य मध्येच सोडूनसुद्धा उठायच्या. काप मुळात बिनरंगी असतात, रंग आम्ही चढवतो. स्क्रीनवर लालगुलाबी जाळी उमटली की आम्ही संशोधनवाले 'काय सुंदर आहे' म्हणायचो. ताई मान न वळवता म्हणायच्या, "रंग आपण देल्ला आहे. तिचा नाही." मला त्यांचा थोडा रागच यायचा.

एकदा त्या निघायच्या बेतात असताना सावनेरकडच्या एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेचं बाळ पोटातच गेलं होतं. सुनेच्या संमतीनं वार आमच्याकडे आली होती, आणि आजींना ती परत हवी होती.

"लेकराजवळ मातीत पुराची होती," त्या म्हणाल्या.

मी नियम सांगायला लागलो. ताईंनी मला हातानंच थांबवलं, खांद्यावरची पर्स खाली ठेवली, आजींना स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि त्या वारेची स्लाइड लावून दिली. आजी एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिल्या.

"लाल हाय वं बाई अजून," त्या म्हणाल्या. "जित्ती दिसते."

मी ताईंच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो. बसची वेळ कधीच टळून गेली होती.

"पाहा आजी," ताई म्हणाल्या. "मले घाई नाही."