सोनामुखी आणि धाकटी

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्मेवाला आणि छत्र्या दुरुस्त करणारा यांच्या मधोमध एक अरुंद दुकान होतं. आत पाऊल टाकलं की आधी सुंठेचा उग्र वास नाकात शिरायचा आणि त्यामागून ज्येष्ठमधाचा गोडसर. वाळलेल्या पाल्यामुळ्यांचं हे दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे काढेवाली म्हणत. धंदा तिच्या वडिलांचा. कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध, जड जेवणावर बडीशेप, पायांवरच्या सुजेला पुनर्नवा, हे ती त्यांच्याजवळ बसून शिकली होती. सोनामुखीची पानं मोजताना मात्र त्यांचा हात आखडायचा. "हिला पाहुणीसारखं ठेवायचं," ते सांगत. "पोट अगदीच अडलं तर दोन-तीन दिवस. मुक्कामाला ठेवली तर घरावर हक्क सांगते."

काढेवालीचं लग्न झालं तेव्हा तिची नणंद, धाकटी, शाळेत जात होती. आईबाप गेलेली पोर. वेण्या घालण्यापासून ताप उतरेपर्यंत उशाशी बसण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलं. मोठी झाल्यावर धाकटी दुकानात पुड्या बांधायला बसू लागली. हाताला चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. "आमच्याकडे सगळ्यावर औषध आहे, फक्त उधारीवर नाही," असं म्हणून ती गिऱ्हाइकांना हसवायची.

तिचं लग्न ठरलं आणि मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही; पण मध्यस्थ बाईच्या पोटात काही राहत नव्हतं. "मुलगी अंगाने सुटलेली आहे म्हणाले," ती दुकानातच बोलून गेली. धाकटी पुडीला दोरा गुंडाळत होती. तिने गाठ मारली, दोरा तोडला, आणि पुढची पुडी घेतली.

त्यानंतर तिचं जेवण आटलं. पोट फुगतं, जड वाटतं, अशी कुरकुर सुरू झाली. वहिनीने आधी बडीशेप-सुंठेचा काढा करून दिला. फरक पडेना, तेव्हा थोडी सोनामुखी घातली. दुसऱ्या दिवशी धाकटी कितीतरी दिवसांनी हसली. "हलकं वाटतंय गं वहिनी."

"बरं झालं. आता उद्यापासून बंद."

बंद झालं नाही. गिऱ्हाइकं मागत नसताना सोनामुखीची बरणी रिकामी होऊ लागली, तसं काढेवालीच्या लक्षात आलं.

"तू घेतेस ना?"

"घेते. आत घाण साचलीये. ती गेल्याशिवाय मला बरं वाटत नाही."

"अगं, पोटात काही उरलंय का घाण व्हायला? रोज घेतलं की आतडं आळसावतं, मग हिच्याशिवाय हलतच नाही."

"साऱ्या गावाला देतेस ते औषध, आणि मी घेतलं की विष?"

वहिनीने बरणी कुलपात टाकली. मग धाकटीने मोठ्या दुकानातून चहाचं एक देखणं खोकं आणलं. वर कंबर बारीक असलेल्या बाईचं चित्र आणि 'शरीरशुद्धी' अशी सोनेरी अक्षरं. काढेवालीने एक पिशवी फाडून टेबलावर ओतली. गवती चहा होता, पुदिना होता, आणि त्यांच्या आडून सोनामुखीच. तिने खोकं कचऱ्यात टाकलं. धाकटीने दुसरं आणलं.

हळूहळू तिच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. एके दुपारी जिना चढताना पाय लटपटले आणि ती पायरीवरच बसली. "छातीत कसंतरी होतंय," एवढंच म्हणाली. तिच्या भावाने तिला उचलून दवाखान्यात नेलं.

काय घेत होती, असं डॉक्टरणीने विचारल्यावर काढेवालीने सगळं सांगितलं, स्वतः दिलेल्या पहिल्या काढ्यापासून. डॉक्टरणीने मान हलवली. "अंगातले क्षार पार धुऊन गेलेत. हृदयाचे ठोके त्यांच्यावरच तर चालतात."

सलाईन लागलं, औषधं झाली, धाकटी सावरली. घरी आल्यावर पातळ भात खाऊ लागली. "आता मी पुन्हा सुटणार, नवीन कपडे शिवायला टाका," असं म्हणाली, तेव्हा भाऊ हसताहसता डोळे पुसत बाहेर गेला. घरावरचं मळभ सरल्यासारखं वाटलं.

ते तसं वाटणंच होतं. एका सकाळी आरशासमोर केस विंचरताना ती खाली कोसळली. वहिनी धावत गेली तोवर सगळं संपलं होतं. तिच्या स्वेटरच्या खिशात चहाच्या रिकाम्या पिशव्या निघाल्या, घड्या घालून नीट ठेवलेल्या.

भेटायला येणाऱ्यांची ये-जा थांबली, त्या संध्याकाळी नवरा काढेवालीला म्हणाला, "पहिल्यांदा तूच दिलीस ना?"

"हो," ती म्हणाली.

तो पुन्हा तसं कधी बोलला नाही. पण त्यानंतर दुसरं काहीही फारसं बोलला नाही.

काढेवालीने सोनामुखी ठेवणं सोडलं. जुनी गिऱ्हाइकं चिडली. ज्या म्हाताऱ्यांना सोनामुखीचा खरोखर उपयोग व्हायचा, तेही दुसरीकडे जाऊ लागले. त्यांना काय सांगायचं, हे तिला कळेना.

एकदा संध्याकाळी एक तरुण मुलगी आली. काठीसारखी बारीक, ओढणी पोटाशी घट्ट धरलेली. "पोट साफ होण्याचं काही द्या."

"पोट अडलंय, का कुणी काही बोललंय तुला?"

मुलगी चपापली. "तुम्हाला काय करायचंय? असेल तर द्या."

"नाही माझ्याकडे. पण बस जरा. मी सांगते..."

मुलगी बसली नाही. काढेवाली तिच्यामागे दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. तिथून तिला ती मुलगी गल्लीच्या टोकाला मोठ्या दुकानात शिरताना दिसली. हाक मारावी असं वाटलं, पण नाव माहीत नव्हतं.

काढेवाली घरी पोचली तेव्हा नवरा जेवून भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि अन्न गार होईपर्यंत समोर बसून राहिली.